हर्डमानियाचा डोळा

जळगावला कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा वडिलांनी एकच अट घातली. आम्ही जैन, धान्याच्या व्यापारातले. घरात बटाटासुद्धा येत नसे. "भाजी चिरतो तेवढं चालेल. एकेंद्रिय जीव असेल तर काप. त्याच्या वरच्याला सुरी लागली की कॉलेज बंद." पाठशाळेतलं मलाही पाठ होतं: झाडाला एक इंद्रिय, मुंगीला तीन, माशीला चार, बेडकाला आपल्यासारखी पाच. "तिथले प्राणी मेलेलेच असतात," मी म्हटलं. "कुणासाठी मेले?" ते म्हणाले.

प्राणिशास्त्राच्या सरांनी माझी अडचण समजून घेतली. बेडूक सोडू म्हणाले, पण एक तरी प्राणी कापायलाच हवा. त्यांनी बरणी पुढे केली. फॉर्मलिनमध्ये एक खडबडीत गोळा होता. नाव हर्डमानिया, समुद्राच्या तळाला चिकटून बसतो. मी धावतच घरी आले. वडिलांनी उलटतपासणी घेतली. डोकं आहे? नाही. डोळे? नाही. चालतो? नाही. "मग भाजीच की ती," म्हणाले. परवानगी मिळाली.

दुसऱ्याच दिवशी सरांनी घोळ घातला. हा गोळा म्हणे आपल्याच संघातला, समपृष्ठरज्जू, म्हणजे आयुष्यात कधीतरी पाठीला आधाराची दोरी असलेला. शेजारच्या बरणीतला तारामासासुद्धा त्या संघाच्या बाहेर. लहानपणी हा पोहतो, शेपटीत दोरीसारखा ताठ कणा असतो, मेंदू असतो, एक डोळाही असतो. मग एका जागी चिकटतो आणि शेपूट, डोळा सगळं आतल्या आत जिरवून टाकतो. माझं डोकंच चालेना. इंद्रियं जन्म बदलला की बदलतात, एवढंच मला माहीत. एकाच जन्मात ती कमी कशी होतील? मुंगी वरची की हा?

गप्प बसले असते तर भागलं असतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. सूर्यास्ताआधीच्या जेवणाला मी सगळं ओकून टाकलं.

वडिलांचा घास हातातच राहिला. "मग लहानपणचं धरायचं की आत्ताचं?"

त्यांना ठरवता येईना.

आई फुलके लाटत होती. माझ्या शिक्षणाबद्दल ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती. "लहानपणचं धरा," ती म्हणाली. "दिसत होतं ना त्याला."

मला तिचा असा राग आला! घरचीच उलटली.

"संपलं तर मग," वडील म्हणाले. "कॉलेज बंद."

"कापणं बंद म्हणा. कॉलेज कशाला?" आई म्हणाली.

"न कापता मार्क मिळत नाहीत," मी चिडून म्हटलं.

"कमी मिळतील." तिनं लाटणं खाली ठेवलं. "चौथीत मी पहिली आले होते. तेव्हा मला घरी बसवलं. आता आपल्या दुकानाची पाटी मला अक्षर लावून लावून वाचावी लागते. हिला बसवू नका."

वडिलांनी हातातला घास संपवला. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता जायचंय?"