मावशींचा गजरा आणि जपानी अंबाडे

जगात माणसं दोनच प्रकारची, केसांना तेल लावणारी आणि वाया गेलेली, असं आमच्या शेजारच्या मावशींचं ठाम मत होतं. नागपूरहून लेकाकडे क्युपर्टिनोला आल्या आणि अख्खी अमेरिका त्यांना दुसऱ्या प्रकारात सापडली. दुकानात बिल करणारी मुलगी दिसली, की मला कोपराने ढोसायच्या, "सांग तिला, केसांचा पार खराटा झालाय म्हणावं. खोबरेल लाव." मी हसून "शी लाइक्स युअर हेअर" म्हणायचे. ती बिचारी खूश, मावशीही खूश!

हाताला लागत नव्हती ती घरातलीच नात. नऊ वर्षांची ईशा तेलाची वाटी दिसली, की "आजी, नो! इट्स इची!" करत पळायची. मावशींनी खिडकीतल्या कुंडीत मोगरा जोपासला होता. परतीचं विमान आठवड्यावर आलं तेव्हा मला म्हणाल्या, "एकदा तिच्या वेणीवर माझ्या हातचा गजरा बघू दे गं. मग सुखाने जाते."

त्या शनिवारी मी दोघींना सॅन होजेच्या जपानी वस्तीत मिरवणूक बघायला नेलं. जुन्या काळच्या जपानी बायकांचे पोशाख आणि केशरचना, एकेका जमान्याच्या. मावशींच्या पर्समध्ये ओल्या रुमालात गजरा होता. ईशाने गाडीतच त्याला नकार दिला होता. पण मिरवणूक सुरू झाली आणि मावशी सगळं विसरल्या. जमिनीपर्यंत केस सोडलेली दरबारी बाई बघून, "अगंबाई, हिला न्हायला दिवस पुरत नसेल!" किमोनोच्या पाठीवरचा जाडजूड पट्टा बघून, "उशी बांधूनच निघाल्यात, हुशार आहेत!" आणि चापूनचोपून बसवलेले चकचकीत अंबाडे आले, तेव्हा तर टाळ्याच पिटायला लागल्या. "बघ, बघ! एक बट सुटलेली नाही! ही आपल्यातली माणसं!" लोक मिरवणूक सोडून आम्हालाच बघायला लागले.

शेवटी मावशींच्याच वयाची एक जपानी आजी आली. नेमकं आमच्यासमोर तिच्या अंबाड्यातलं कागदी फूल पडलं आणि मागच्यांच्या पायाखाली चुरगळलं. तिने केसांना हात लावला, चेहरा एवढासा झाला. मावशींना कुठलं राहवतंय! दोरीखालून वाकून सरळ रस्त्यात. "थांबा हो जरा," शुद्ध मराठीत म्हणाल्या आणि आकडे लावून गजरा माळून मोकळ्या. ती आजी कमरेत वाकली, मग मावशी वाकल्या, मग पुन्हा ती. दोघीही हटेनात. मिरवणूक खोळंबली आणि मी पोट धरून हसत सुटले.

ईशा मात्र ओक्साबोक्शी रडत होती. "आजी, दॅट वॉज माइन!"

मावशींचा हात पर्सकडे गेला. तिथे फक्त ओला रुमाल होता.

त्या निघाल्या तेव्हा कुंडीत नुसत्या हिरव्या, बारीक कळ्या होत्या. तरी एअरपोर्टला जाण्याआधी ईशा आपण होऊन आजीपुढे बसली आणि चपचपीत तेल लावून घेतलं. गजरा तेवढा राहिला.

पुढे एका सकाळी बेल वाजली. दारात ईशा, तेल लावलेलं डोकं, हातात वाटीभर मोगरा. "काकू, तुला आजीसारखा गजरा येतो?"

मला कुठला यायला! नागपूरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "दोरा घट्ट धर, देठाला देठ लाव," मावशी सांगत होत्या, आम्ही दोघी धडपडत होतो. जेमतेम एक वेडावाकडा गजरा झाला.

"आजी, आय एम वेअरिंग इट!" ईशा फोनवर ओरडली.

पलीकडून मावशी हळूच म्हणाल्या, "अगं, कशी दिसतेय ते सांग ना कुणीतरी."