लिव्हरवर पुन्हा हात

धारवाडजवळ बेलूरला सिमेंटचे मोठे पाइप करणारा एक कारखाना होता. ऐंशीच्या दशकात मी तिथं क्रेन बसवलेली लॉरी चालवायचो. केबिनच्या मागे घडी घालून बसलेला लोखंडी हात, आणि तो हलवायला लॉरीच्या कडेला ओळीनं लिव्हर. आमच्या भागात अशा लॉऱ्या तेव्हा नवीनच होत्या. अळणावरकडच्या गावात आमच्या वडिलांनी, अप्पांनी, जन्मभर लाकडाचे ओंडके खांद्यावर वाहिले होते. मी पाइप नुसत्या बोटांनी उचलतो म्हटलं, की ते हसायचे. त्यांना ते खरंच वाटायचं नाही.

माझ्या जोडीला नेहमी एकच माणूस असायचा. पाइपाला पट्टे बांधायचे आणि खालून हातानं खुणा करायच्या, हे त्याचं काम. माझ्याहून बराच मोठा, घरी कानडी बोलणारा. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा. त्याचे हात बघत मी काम करायचो. बोलायची गरजच पडायची नाही.

हुबळीच्या विद्यानगरात गटाराचे पाइप उतरवत होतो, तेव्हा ते घडलं. लॉरी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी पाय टेकवायचे असतात. तसे टेकवले होते. वरून रस्ता टणक दिसत होता, पण कुणीतरी पूर्वी खणलेला चर तिथं भुसभुशीत मातीनं बुजवलेला होता. पाइप अधांतरी असताना एक पाय खाली गेला. लॉरी कलली, पाइप झोका घेऊन अण्णाच्या गुडघ्यावर आदळला.

चौकशी झाली. ऑपरेटरची चूक नाही, असं ठरलं. पण माझ्या हातांना ते पटलं नाही. लिव्हरजवळ उभा राहिलो की तळवे घामेजायचे. मी साधी लॉरी मागून घेतली.

हुबळीच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तर अण्णानं पहिलं हेच विचारलं, "क्रेन कोण चालवतंय?"

"दुसरा आणलाय. मी सोडली."

तो म्हणाला, "मग मी बरा होऊन कुणाला खुणा करू?"

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे जाऊन क्रेन परत मागितली. ते म्हणाले, "अपघातानंतर आधीचं प्रमाणपत्र चालत नाही. हुबळीला उजळणीचं प्रशिक्षण आहे. पास होऊन या."

शिकवणारे सर निवृत्त फौजी होते. मोजकं बोलायचे. पहिले काही दिवस त्यांनी आम्हाला लिव्हरला हातच लावू दिला नाही. हातात पहार देऊन जमीन ठोकायला लावली. कुठं बद्द वाजते, कुठं टणक, ते ऐका म्हणाले. लोखंडी पायाखाली जाड फळ्या कशा घालायच्या ते दाखवलं. क्रेनवरच्या पत्र्याचा तक्ता समजावला. हात जितका लांब जाईल, तितकं कमी वजन तिला पेलतं. पहिलं प्रमाणपत्र मला एका सकाळीत मिळालं होतं, त्यात यातलं काहीच नव्हतं. मी अधाशासारखा शिकलो.

आणि परीक्षेत नापास झालो. पिंपांच्या रांगेवरून पाइप पलीकडे न्यायचा होता. तो कमरेइतका उचलला गेला आणि लॉरी जराशी करकरली. माझा हात लिव्हरवरून सुटला. पाइप तसाच लटकत राहिला. शेवटी सरांनी येऊन तो खाली घेतला.

"पुढच्या तुकडीला या," ते म्हणाले.

घरी बायको भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर न करताच विचारलं, "पुढची तुकडी कधी?"

"दोन महिन्यांनी."

"मग तोवर सराव करा की. रडत बसून काय होणार?"

मॅनेजरची परवानगी घेऊन मी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या आवारात थांबू लागलो. क्रेनच्या हुकाला पाण्यानं भरलेली बादली अडकवायची आणि पाणी न सांडता ती फिरवायची. आधी चप्पल, पॅंट, सगळं भिजायचं. मग हळूहळू कमी भिजू लागलं. एका रविवारी फाटकातून काठी टेकत अण्णा आत आला. गुडघा वाकत नव्हता. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. त्यानंतर तो दर रविवारी आला.

दुसऱ्या परीक्षेला तोही आला. खुणा देणाऱ्याची वेगळी परीक्षा असायची, ती द्यायची म्हणाला.

सरांनी त्याच्या पायाकडे पाहिलं. "मागे पटकन सरता येईल?"

"खुणा हातानं करतात, सर."

"मी ते विचारलं नाही."

अण्णानं काठी टाकली आणि मागे सरून दाखवलं. जमलं, पण सावकाश. सर म्हणाले, "पट्टे बांधायला दुसरा माणूस. तुम्ही लांबूनच खुणा करायच्या, मी आखतो त्या रेषेच्या आत यायचं नाही. कबूल?"

अण्णाचा चेहरा उतरला. बांधायचं काम त्याच्या आवडीचं होतं. पण तो म्हणाला, "कबूल."

त्या दिवशीही लॉरी करकरली. मी थांबलो, पण लिव्हर सोडला नाही. अण्णाकडे पाहिलं. त्याचा तळवा संथपणे वर येत होता. पाइप पिंपांवरून गेला आणि आखलेल्या जागी टेकला. आम्ही दोघेही पास झालो.

पहिलं काम हुबळीजवळ उणकलला निघालं. तळ्याच्या बाजूला नवी घरं होत होती. तिथला मुकादम घाईत होता. "अहो, जमीन काय ठोकत बसलाय? काल इथं रोड रोलर फिरलाय!"

"फिरला असेल. मी ठोकून बघणार," मी म्हटलं.

एका बाजूला आवाज बद्द आला. लॉरी पुढे घेतली, पुन्हा ठोकलं, फळ्या घातल्या. मुकादम वैतागून चहाला निघून गेला. तळवे ओलेच होते. ते विजारीला पुसले आणि लिव्हर धरले.

"निधान, तम्मा, निधान," लांबून अण्णा म्हणाला. सावकाश.

पाइप उचलला, फिरला, चरात उतरला. अण्णानं दोन्ही हात आडवे केले. "साकु." पुरे.

नवा माणूस पट्टे सोडवायला चरात उतरला. अण्णा त्याला तिथूनच गाठ कशी सोडायची ते ओरडून सांगू लागला, आणि मी दुसऱ्या पाइपासाठी हुक वर घेतला.