उसवलेला मोजा

आधी काकूंचं सांगते. देवरूखात आम्ही ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो, त्या काकू. त्या नसत्या तर पुढचं लिहायला माझ्याकडे काही उरलं नसतं. शाळा आठवीतच सुटली, म्हणून जमेल तसं लिहिते.

नवरा रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो, म्हणून बीडकडची मी इथं आले. आठवा महिना लागला होता. पंधरा दिवसांनी माहेरी जायचं होतं. काकू दुपारी पडवीत बसून चार सुयांवर लोकरीचे मोजे विणायच्या. त्यांचे वडील बोटीवर होते. त्यांचा एक जुना, रफू केलेला मोजा समोर ठेवून, टाके मोजून त्या हुबेहूब तसेच जाड मोजे करत. बघून बघून माझाही हात बसला, आणि मी बाळाचे पिवळे मोजे घातले सुयांवर.

"ह्या उकाड्यात लोकर? पोर उकडायचंय काय गो?" शेजारीण म्हणाली. आम्ही हसलो.

आई फोनवर हसली नाही. "बाई, पोटातल्या लेकरासाठी आधी काही करत नसतात. आपल्यात जन्मल्यावर पहिलं कापडसुद्धा जुनंच घालतात. सोड ते."

"काकूंच्या भाचीसाठी करतेय," मी खोटं बोलले.

एक मोजा पुरा झाला. दुसऱ्याची टाच वळवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात काही हललंच नाही. एरवी चहा घेतला की लाथ बसायची. दोनदा चहा घेतला. डाव्या कुशीवर निजून बघितलं. काही नाही. नवऱ्याचा फोन लागेना. आणि मी काय करावं? दवाखान्यात जायचं सोडून मोजा उसवायला बसले. आईचं ऐकलं नाही म्हणून हे झालं, उसवला की बाळ हलेल, असं डोक्यात घट्ट बसलं होतं. एक ओळ उसवायची, पोटावर हात ठेवून थांबायचं. मग पुढची ओळ. बाहेर लख्ख ऊन, कोणाच्या तरी रेडिओवर गाणी, आणि पोट दगडासारखं गप्प. दुसरा संपला तसा पहिलाही उसवायला घेतला.

काकू ताक घेऊन आल्या. मांडीवरची कुरळी लोकर बघून म्हणाल्या, "टाका चुकला काय गो?"

मी सगळं सांगितलं.

"कधीपासून हललं नाही?"

"सकाळपासून."

"आणि तू हे करत बसलीस?" आवाज एकदम खाली गेला. तांब्या तिथंच ठेवून त्या अनवाणी रिक्षा बघायला गेल्या.

रिक्षात त्यांनी माझा हात सोडला नाही. "बाय माझे, लोकरीला काय कळतंय कोणाच्या पोटात काय आहे ते."

डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र लावलं. ठोके होते, पण अडखळत. त्या आमच्याकडे न बघता नर्सला म्हणाल्या, "लगेच आत घ्या." कागदावर नातेवाइकाची सही काकूंनी केली. नातं काय, तर 'आई' लिहिलं.

मुलगी झाली. एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. तीन आठवडे काकू डबा घेऊन आल्या.

आता ती चार महिन्यांची आहे. तरी ती निजली की मी तिच्या छातीवर हात ठेवून बघते, आणि हात काढायची भीती वाटते.

काकूंचा मुलगा परदेशी बोटीवर असतो, त्या एकट्याच. रस्त्याचं काम संपलं की आम्ही कुठं जाऊ ठाऊक नाही. मी त्यांना सांगून ठेवलंय, तुमच्यावर कधी वेळ आली तर एक फोन करा. लेकरू काखेत घेऊन येईन, पण येईन.