शेंदराची रेघ

धुडकू मिस्तरी जीपखाली शिरला की त्याचे फक्त दोन पाय बाहेर दिसत. शेजारी गोणपाटावर एक चपटा डबा असे, आणि त्यात तेलात कालवलेला शेंदूर. त्यात बोट बुडवून तो खाली काहीतरी करत राही, आणि वाकून पाहिलं तर त्याचे ओठ हलताना दिसत. तापीकाठच्या दहा-बारा गावांत सगळ्यांची खात्री होती की धुडकू जीपची पूजा करतो. मीही तेच धरून चाललो होतो. त्याच्या सगळ्या विजयांचा हिशेब त्यामुळे सोपा होई. आपण कमी पडत नाही, त्याचा देव तगडा आहे, एवढं म्हटलं की मला झोप लागत असे.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडची. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपा लिलावात निघाल्या आणि फिरत फिरत आमच्या भागातल्या बागायतदारांकडे आल्या. कापूस आणि केळीवाल्यांच्या त्या हौशी. होळीनंतर तापीचं पाणी उतरलं की प्रकाशा गावाच्या अलीकडे नदीच्या पात्रात या जीपांची शर्यत लागे. कोसभर रेती, मग मांडीभर पाण्याचा उतार, पलीकडे गोटे आणि दरड, तिथल्या झेंड्याला वळसा घालून परत. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीशिवाय हे काम होणारं नव्हतं, आणि गाडी नीट केलेली नसेल तर चारही चाकं रेतीत बसत.

धुडकूकडे अंबूभाई पाटलांची जीप होती आणि माझ्याकडे दौलतरावांची. जो मिस्तरी, तोच शर्यतीत ड्रायव्हर, अशी रीत होती. मी धुळ्याला वर्कशॉपात दोन वर्षं काम शिकलो होतो, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं होतं आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पाना धरत होतो. धुडकू लढाईत आसामच्या चिखलात जीपा ओढून आलेला, चार यत्ता शिकलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आमच्याकडे मोठ्या भावालाही अरे-तुरेच चालतं. तो मला 'मास्तर' म्हणायचा, आणि त्यात चेष्टा किती नि कौतुक किती हे मला कधी कळलं नाही. मी ती चेष्टाच धरली.

लागोपाठ तीन वर्षं तो जिंकला. त्याची प्रत्येक गोष्ट मी लांबून पाहायचो आणि घरी येऊन करायचो. रेतीत उतरण्याआधी तो टायरातली हवा कमी करायचा. "रेतीमा चाकले पोट सुटू दे," म्हणायचा. मीही हवा सोडली, पण पलीकडच्या गोट्यांवर चढण्याआधी तो पंप काढून ती पुन्हा भरतो हे मला दिसलंच नव्हतं. माझे दोन टायर गोट्यांवर फाटले. पाण्यात शिरताना तो पंख्याचा पट्टा काढून गळ्यात घालायचा, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही. मीही घातला, आणि पलीकडे गेल्यावर घाईत तो गळ्यातच राहिला. इंजिन तापून बंद पडलं आणि मी पट्टा गळ्यात घेऊन चालत परत आलो. बायाबापड्या पदराआड हसत होत्या. धुडकू तेवढा हसला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

शेंदराबद्दल मी त्याला एकदा विचारलं होतं.

"काय पुटपुटस रे खाले?"

"मोजी ऱ्हायनू," तो आतूनच म्हणाला. "खाले ये, दखाडस."

हे त्याचं नेहमीचंच होतं. कुणीही काही विचारलं की 'खाले ये'. "गाडी खालथून दखानी, मास्तर. वरथून ते नवरदेवबी बरा दखास." पण दुसऱ्याच्या जीपखाली, चारचौघांत, पांढऱ्या शर्टानिशी मी उताणा पडणार? मंत्र लपवायला 'मोजतोय' म्हणून सांगतोय, असं मनाशी म्हणत मी निघून आलो. घरी आल्यावर मात्र गुपचूप शेंदूर आणला आणि माझ्या जीपच्या बॉनेटवर भलामोठा टिळा लावला. त्या वर्षी मी पाचवा आलो.

चौथ्या वर्षी दौलतरावांनी स्वच्छ सांगितलं, "औंदा हारना ते मन्ही जीपबी धुडकूकडेच देसू." म्हणजे माझी जीप, माझं काम, माझी जागा, सगळं त्याच्या हाती जाणार. शर्यतीच्या सकाळी मी नदीवर पोचलो. धुडकू काठी घेऊन पाण्यात उतरला होता. उताराचा तळ तो दरवर्षी स्वतः चालून बघायचा. त्याची जीप बाभळीखाली उभी होती आणि मंडळी चहाकडे गेली होती. जवळपास कुणी नव्हतं.

मी त्याच्या जीपखाली पहिल्यांदा गेलो तो असा. स्प्रिंगच्या पाट्यांच्या नटांवर, चाकांच्या नटांवर, स्टिअरिंगच्या जोडांवर, सगळीकडे शेंदराच्या बारीक रेघा होत्या. मी खिशातलं फडकं काढलं आणि त्या एकेक करून पुसून टाकल्या. नटाला पाना लावला नाही, तेवढी लाज माझ्यात शिल्लक होती. मला त्याची गाडी मोडायची नव्हती. त्याचा देव तेवढा उतरवायचा होता.

धुडकू आला, नेहमीप्रमाणे खाली शिरला, आणि बराच वेळ त्याचे पाय हललेच नाहीत. मग बाहेर येऊन तो अंबूभाईंना म्हणाला, "भाऊ, आज गाडी निंघाव नही."

"अरे, एवढी माणसं जमनी. लोक काय म्हनतीन?"

"कोनीतरी रेघा पुशी टाक्यात. नट हालना का नही, माले माहीत नही. जी गाडी माले माहीत नही ती मी पानीमा घालस नही."

अंबूभाई खूप बोलले. शर्यतीचा पंच हाका मारत होता. धुडकूने गोणपाट अंथरलं, पाना घेतला आणि पहिल्या नटापासून सुरुवात केली. आम्ही त्याच्याशिवाय सुटलो, आणि मी जिंकलो. नारळ मिळाला, हार मिळाला, दौलतरावांनी पाठीवर थाप मारली. पण परत येऊन बघतो तर निम्मी माणसं त्या बाभळीभोवती उभी राहून, न धावलेल्या जीपखालच्या माणसाला बघत होती. गळ्यात हार असताना मला त्याचा पुन्हा हेवा वाटला.

गर्दी पांगल्यावर खालून आवाज आला, "खाले ये, मास्तर."

या वेळी मी पडलो. हारासकट.

"बठ्ठा नट घट्ट निंघनात, एकबी हालना नही," तो म्हणाला. "तू फक्त रेघा पुश्यात." मी काही बोलण्याआधी त्याने माझ्या पांढऱ्या बाहीकडे बोट केलं. तिला कोपरापर्यंत शेंदूर लागला होता. मग त्याने एका नटावर बोट फिरवलं. नटावरून खालच्या पत्र्यावर जाणारी एकच सरळ रेघ. "नट जराक हालना का रेघ तुटस. नजर टाकी का समजनं. एकशे बारा नट शेत. म्हनीसन मोजस."

तो मोजत होता. त्याने मला खरंच सांगितलं होतं.

"आते ऱ्हायन्यात त्या तूच वढ," असं म्हणून त्याने डबा माझ्याकडे सरकवला. मी उरलेल्या सगळ्या रेघा ओढल्या. तो शेजारी पडून आकडे म्हणत होता. शिक्षा म्हणा, शिकवणी म्हणा, एवढंच झालं. ही गोष्ट त्याने अंबूभाईंनाही सांगितली नाही. पुढच्या वर्षी माझ्या गाडीवरही रेघा होत्या, तरी तो माझ्यापुढे पाव कोस राहून जिंकला.

पुढे जीपांची हौस ओसरली आणि शर्यत बंद पडली. धुडकूने विसरवाडीला रस्त्याकडेला स्वतःचं गॅरेज टाकलं. मला सर्टिफिकेटच्या जोरावर धुळ्याला मोटारकाम शिकवण्याची नोकरी लागली आणि मी खरोखरचा मास्तर झालो. पहिल्याच वर्षी मी मुलांना नटावर रेघ ओढायला शिकवलं, शेंदराऐवजी पांढऱ्या रंगाने. मुलं तिला 'सरांची रेघ' म्हणू लागली. ती कुणाची, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य दर वर्षी माझ्या तोंडाशी यायचं आणि धुडकूच्या नावाशी अडायचं. इथे तरी तो नाही, इथे तरी मी पहिला आहे, असं वाटायचं.

साठचं दशक संपता संपता एकदा नवापूरला जाताना विसरवाडीला उतरलो. तो थकला होता, खोकत होता. चहा मागवला आणि हसत म्हणाला, "तुन्हा एक पोऱ्या उना व्हता, टरक लिसन. माले रेघ शिकाडी गया. म्हने, हाई आमना सरनी रेघ शे."

मी विचारलं, "मंग तू काय सांगं?"

"काय सांगसू? म्हनं, तुन्हा सर हुशार शे. आनि त्यानी दखाडी तशी वढीबी दिन्ही."

तो ज्या मोकळेपणाने हे सांगत होता, त्याचाही मला हेवा वाटला. मी कबूल करायला हवं होतं. मी चहा पिऊन नवापूरच्या गाडीची वेळ विचारली. त्याने मला बसमध्ये बसवून दिलं, आणि बस सुटण्याआधी वाकून तिच्या मागच्या चाकाचे नट बघितले. त्या पावसाळ्यात तो गेला. मला महिन्याने कळलं.

ती रेघ धुडकूची होती. एकदा मी ती पुसली आणि एकदा माझ्या नावावर केली. पहिल्या वेळी त्याने मला खाली बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या वेळी मी वाट बघत बसलो, पण तो 'खाले ये' म्हणाला नाही.