शब्दात अडकलेली जीप

अडचणीचा प्रश्न आला की अप्पा जीपचं बॉनेट उघडायचे.

कुणी विचारावं, "अप्पा, गाडी इकायची म्हनं?" की अप्पा दुकानाच्या खुर्चीवरून उठले, बॉनेट वर केलं आणि मान आत घातली. इंजिनात काही बिघडलेलं नसायचं. एखादी वायर हलवायची, पाण्याचं झाकण काढून परत लावायचं आणि आतूनच उत्तर द्यायचं, "बघू की. गाडी काय पळून चालली का?" विचारणारा कंटाळून गेला की मान बाहेर. शेवटच्या वर्षात तर त्यांची मान बाहेर कमी आणि बॉनेटमध्येच जास्त दिसायची.

त्यांचं किराणा दुकान दिंद्रुडच्या बाजाराच्या रस्त्याला, आणि बरोबर समोर माझं कुशनचं. गाड्यांची सीटं शिवायची, जीपचे हूड शिवायचे, कुणाच्या ट्रॅक्टरची गादी फाटली तर तिला ठिगळ लावायचं, हा माझा धंदा. त्यामुळे अप्पांची जीप मला त्यांच्याइतकीच पाठ. तिचा हूड मी तीनदा शिवला. सीटं किती वेळा उसवली ते विचारू नका.

आता ही जीप म्हणजे काही देखणी बाब नव्हती. मूळ रंग कोणता, यावर आमच्या गल्लीत दोन मतं होती. पण तिला गावात जो मान होता तो नव्या कोऱ्या गाड्यांनाही नव्हता, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगितलं पाहिजे.

अप्पा लिंगायत. आमच्यात माणूस गेला की आडवा नेतात. त्यांच्यात बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. पूर्वी फुलांनी सजवलेलं विमान खांद्यावर जायचं. अप्पांचे वडील वारले तेव्हा गावात खांदे कमी पडले. पोरं कुणी पुण्याला, कुणी संभाजीनगरला. रुद्रभूमी, म्हणजे त्यांची माती द्यायची जागा, लांब. अप्पांनी जीपचा हूड काढून टाकला, मागे पाट ठेवला, वडिलांना नीट टेकून बसवलं आणि स्वतः गाडी चालवली. म्हातारा डोक्याला फेटा, कपाळाला भस्म, असा ताठ बसून निघाला. लोकांना ते फार आवडलं. तेव्हापासून त्यांच्या समाजात कुणी गेलं की निरोप अप्पांकडे आणि हूड काढायला बोलावणं मला.

पुढे पुढे म्हातारी माणसं जिवंतपणीच गाडी बघायला यायची. एक शिवलिंग मास्तर होते, ते तर मागच्या बाजूला चढून बसले आणि मला म्हणाले, "मागचा पाईप जरा उंच घे बे. फेटा लागंल माझा."

मी म्हटलं, "मास्तर, घाई हाय का?"

"घाई न्हाई. पर माप देऊन ठेवलेलं बरं."

अप्पा या सगळ्यांना हो म्हणायचे. नाही म्हणणं हा त्यांच्या स्वभावातला भागच नव्हता. उधार मागणाऱ्यालाही ते नाही म्हणत नसत, गूळ कुठे ठेवलाय ते सापडत नाही असं सांगत. पण एक होकार त्यांनी असा दिला की त्याच्यात ते पुरते अडकले.

त्यांची सख्खी आत्या, सगळ्या गल्लीच्या आत्याबाई. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आल्या त्या इथेच राहिल्या. मूल नाही, बाळ नाही. अप्पांना त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. घराच्या मागच्या खोलीत राहायच्या. नव्वदीला टेकल्या तरी स्वतःची भाकरी स्वतः थापायच्या आणि ती करपली तर चुलीला शिव्या द्यायच्या. एका दुखण्यात त्यांना वाटलं की आता आपलं काही खरं नाही. अप्पांना जवळ बोलावलं, त्यांचा हात त्यांच्याच गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी जाईस्तोवर ही गाडी इकायची न्हाई. मला हिच्यातूनच न्यायचं." अप्पांनी शब्द दिला. आठ दिवसांनी आत्याबाई खडखडीत बऱ्या होऊन भाकरी थापत होत्या.

लिंगावर हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे काय, हे त्या माणसांत राहिल्याशिवाय कळत नाही. कोर्टातली शपथ त्यापुढे काहीच नाही.

यानंतर दोन वर्षांनी वहिनी आजारी पडल्या. अप्पांची बायको. किडनीचं दुखणं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाजोगाईला डायलिसिस. अप्पा जीप काढायचे. जाताना ठीक असायचं. येताना बाईच्या अंगात जीव नसायचा, आणि वर धारूरचा घाट. जीपला दार नव्हतं, काच नव्हती, उन्हाळ्यात तापलेलं वारं सरळ तोंडावर. वहिनी हूडच्या लोखंडी पाईपला दोन्ही हातांनी धरून बसायच्या. तक्रार मात्र एका शब्दाची नाही. त्यांनी तक्रार केली असती तर अप्पांना बरं वाटलं असतं, असं मला आता वाटतं.

मी आपली अक्कल चालवली. त्यांच्या सीटला चार इंची फोम घातला, पाठीला उशी शिवली, रेक्झिन चांगलं मऊ घेतलं. दुसऱ्या दिवशी वहिनी गाडीजवळ आल्या आणि बघतच राहिल्या. सीट इतकं उंच झालं होतं की त्यांना चढताच येईना.

"भावजी, शिंव्हासन केलंत तुमी," त्या म्हणाल्या. "आता चढाया हत्ती पायजे."

सगळे हसले. मी फोम उसवला. त्या दिवशी मला माझ्या धंद्याची लाज वाटली.

मुलगा पुण्याला. त्याने बीडच्या एका गाडीवाल्याशी बोलून ठेवलं होतं. जीप द्यायची आणि तिच्या बदल्यात एक छोटी, बंद काचांची, एसीची जुनी कार घ्यायची, वरचा फरक मुलगा भरणार. दोन गाड्या पोसायची ऐपत कुणाचीच नव्हती. जीपच्या पासिंगची मुदत दिवाळीनंतर संपत होती. एकदा ती संपली की तिला भंगारवाल्याशिवाय कुणी हात लावणार नव्हतं. मुलगा फोनवर ओरडायचा, "अप्पा, आई जित्ती हाय तवर घ्या की गाडी!" अप्पा फोन कानाला लावूनच बॉनेटकडे चालू लागायचे.

गावाला वाटायचं, म्हातारा जीपच्या प्रेमात आहे. प्रेम होतंच. पण मला खरी गोष्ट माहीत होती. आत्याबाई असेपर्यंत जीप विकता येत नव्हती आणि जीप असेपर्यंत वहिनींचे हाल थांबत नव्हते. यातून सुटायची एकच वाट होती आणि ती मनात आणणंही पाप होतं.

रोज सकाळी अप्पा दूध घेऊन मागच्या खोलीत जायचे आणि विचारायचे, "कशी हाय तब्येत?" आतून आवाज यायचा, "मला काय धाड भरली?" एक दिवस ते तसेच माझ्या दुकानात येऊन बसले. बराच वेळ कात्रीशी चाळा करत होते.

"गड्या, म्या तिला तब्येत इचारतो ना," ते म्हणाले, "त्यो आवाज माझा मलाच ऐकू वाटंना झालाय."

मी मशीन चालू केलं. कापड नव्हतं खाली, तरी चालू केलं.

शेवटी मीच म्हटलं की आत्याबाईंना सरळ विचारू. शब्द त्यांनी घेतलाय, त्याच सोडतील. दसऱ्याच्या आधी आम्ही दोघं गेलो. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. अप्पा मांडी घालून बसले आणि भिंतीकडे बघू लागले. तिथे बॉनेट नव्हतं, त्यामुळे बोलावंच लागलं. सगळं सांगून झाल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "मंग मी कशातून जाऊ?"

"ट्रॅक्टर करू आत्या. चांगला सजवून."

"ट्रॉलीत न्हाई जायची मी. ट्रॉलीत ऊस जातो." हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं. "मला ना लेक, ना जावई. सारा जलम दुसऱ्याच्या दारात काढला. एवढं एकच मागितलंय तुला."

अप्पा उठले. बाहेर आल्यावर माझ्यावरच भडकले, "कावून नेलं बे मला? तिला वाटलं आसंल, ह्यो मी मरायची वाट बघायलाय." आणि खरं सांगायचं तर ते थोडं तसंच होतं, म्हणूनच ते एवढे चिडले होते. त्यानंतर आठ दिवस ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

पुढच्या शुक्रवारची गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. जीप दारात थांबली. मी आणि अप्पांनी वहिनींना धरून खाली घेतलं, पण घरात जाण्याइतकं बळ त्यांच्यात नव्हतं. उंबऱ्याबाहेरच्या पायरीवरच त्या बसल्या. आत्याबाई पाणी घेऊन आल्या. वहिनींनी तांब्या घ्यायला हात पुढे केले आणि मागे घेतले. दोन्ही तळव्यांना पाईप धरून फोड आले होते. आत्याबाईंनी स्वतःच तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. मग तिथेच खाली बसून वहिनींचे तळवे आपल्या मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. आत्याबाई गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

सोमवारी सकाळी त्या दारात उभ्या. अंघोळ झालेली, धुवट लुगडं, कपाळभर भस्म. मला हाक मारली, "हूड काढ रं." अप्पांना म्हणाल्या, "गाडी काढ."

"कुठं जायचं आत्या?"

"मला कुठं न्यायचं कबूल केलतंस? तिथंच."

अप्पांनी जीप बाहेर घेतली. मी हूड काढला, पाट ठेवला, आम्ही दोघांनी त्यांना वर घेतलं. त्या मधोमध ताठ बसल्या. मी मागे त्यांच्याजवळ.

पुढे जे झालं त्याला हसावं की रडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हूड काढलेली जीप, मागे भस्म लावून बसलेली म्हातारी, गावाला एकच अर्थ ठाऊक. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. एकाने टोपी काढली. आत्याबाई ओरडल्या, "जित्ती हाय मी! घाल टोपी!" पिठाच्या गिरणीपाशी एका बाईने गळा काढला, तिला म्हणाल्या, "आता कशाला रडतीस? ठेव थोडं, लागंल पुढं." अप्पा समोर बघून गाडी चालवत होते आणि आरशात त्यांचे डोळे सारखे भरून येताना दिसत होते. मी मागून म्हटलं, अप्पा, खड्डा बघा.

रुद्रभूमीच्या फाटकापाशी गाडी थांबली. आत्याबाईंनी आतल्या समाध्यांवरून नजर फिरवली. वडील, भाऊ, भावजय, सगळे तिथेच होते. मग म्हणाल्या, "नेलंस लेकरा मला. तुझा शब्द फिटला. इक आता गाडी."

"आत्या, आसं नस्तंय..."

"शब्द म्या घेतलाय, म्याच सोडीन. तुजं काय चालतंय त्यात?" आणि जरा वेळाने, "मेल्यावर कशात बी घाला. मला कुठं दिसणार हाय?"

मेल्यावरही आपल्याला ते दिसणार असं त्यांना वाटत होतं, म्हणूनच त्यांनी एवढी वर्षं हट्ट धरला होता. हे त्यांना माहीत होतं, अप्पांना माहीत होतं, मलाही. परत येताना त्यांनी वाटेत शिवलिंग मास्तरांच्या दारात गाडी थांबवून त्यांनाही बजावलं, "मास्तर, तुमचं बी आजपस्नं रद्द."

दिवाळीआधी जीप गेली. न्यायला आलेल्या माणसाला अप्पांनी चावी दिली आणि ते आत जाऊन गुळाची ढेप फोडत बसले.

आत्याबाई त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेल्या. ट्रॅक्टरवरूनच न्यावं लागलं. अप्पा वाटभर ट्रॉलीत उभे राहून त्यांना मागून दोन्ही हातांनी धरून होते. महिन्याभराने मुलगा येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेला. डायलिसिस तिकडेच सुरू आहे. समोरच्या दुकानाला कुलूप आहे. फोन येतो अधूनमधून. "कसं काय अप्पा?" म्हटलं की म्हणतात, "चौथ्या मजल्यावर हाय बाबा." बाकी काही सांगत नाहीत.

त्यांची आठवण आली की मला ती छोटी कार आणल्यानंतरचा पहिला मंगळवार दिसतो. दुपारी कार दारात येऊन थांबली, पण कुणी उतरेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी घाबरून धावत गेलो. काचेतून पाहिलं तर वहिनी झोपल्या होत्या. घाटातून, वळणावळणातून झोपून आल्या होत्या. तोंड थोडं उघडं, डोकं कललेलं, आणि अप्पांचा डावा हात त्यांच्या गालाखाली. अप्पांनी मला मानेनेच नको नको म्हटलं. दाराचा आवाज झाला तर जाग येईल म्हणून ते इंजिन चालू ठेवून तसेच बसून होते.

आत्याबाई ओट्यावर होत्या. विचारलं, "का उतरंनात?"

मी सांगितलं.

त्या उठल्या. गल्लीच्या तोंडाशी कांदेवाला भोंगा लावून येत होता. आत्याबाई काठी टेकत थेट रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि काठी आडवी धरून उभ्या राहिल्या. "बंद कर त्यो भोंगा. लेक झोपलीय माझी."

कांदेवाला मुकाट्याने मागे वळला. मागून एक मोटरसायकल आली, तीही वळली. नव्वदीची म्हातारी भर उन्हात रस्ता अडवून उभी होती. काचेआडून अप्पा तिच्याकडे बघत होते. हात जोडायला गेले, पण एक हात वहिनींच्या गालाखाली अडकला होता. मग दुसरा हातच त्यांनी कपाळाला लावला आणि तो तिथेच धरून ठेवला.