साक्षगंधाच्या वाटेवर देशाचं वाटोळं

माझ्या साक्षगंधाला मी स्वतः गेलो, ही पहिली चूक.

आमच्याकडे साक्षगंधाला नवरदेव जात नसे. चार वडीलधारी माणसं मुलीकडे जात, मुलाकडून आलेली साडी नेसून मुलगी पाटावर बसे, कुंकू लागे, साखर वाटली जाई आणि लग्न पक्कं होई. नवरदेव तेवढा वेळ घरी तुरीच्या शेंगा सोलत बसे. पण मी बी.ए. होतो. आमच्या सात पिढ्यांत (सहांची मला खात्री आहे, सातवीबद्दल कोणालाच काही माहीत नाही) कॉलेजची पायरी चढलेला पहिला. मी मायला सांगितलं, “माझं लग्न माझ्या डोळ्यांसमोर ठरलं पाहिजे.”

“जाय बापा,” माय म्हणाली. “पन तिथं जास्त बोलू नोको.”

माय आणि घरातल्या बाया आदल्या दिवशीच मोटारीनं पुढे गेल्या. साडी आणायचं काम मामाकडे होतं. तो अमरावतीहून संध्याकाळी उशिरा पोचला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साडीची पेटी, बाबा, मामा आणि मी असे दमणीत बसून निघालो. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. नेरजवळच्या आमच्या गावापासून मुलीचं गाव, दारव्ह्याच्या वाटेवर, चार कोस. वेळ ठरली होती बाराची. मुलीच्या बापाने निरोपच पाठवला होता, “बारा म्हंजे बारा. मांगच्या पाहुन्याईनं तीन वाजवले, मी तसंच वापस पाठवलं.” म्हणजे पेटी बाराला पोचली नाही तर लग्न गेलं, इतका साधा हिशेब.

आता बाबा आणि मामा. बाबा एका पक्षाचे, मामा दुसऱ्या. पक्षांची नावं मी देत नाही, कारण दोन्हीकडची माणसं आजही माझ्या घरी चहाला येतात. एक पक्ष राज्य करत होता आणि दुसऱ्याला करायचं होतं, एवढं पुरे. देशाचं वाटोळं कोणी केलं, हा दोघांचा आवडता विषय. बारसं असो की तेरवी, पंगत उठायच्या आत दोघं त्यावर येत. देश म्हणजे, दोघांच्याही मते, नेर ते दारव्हा. फार रागात असले तर यवतमाळ धरत.

आणि बैल. बाबांनी ही जोडी पंधरा दिवसांपूर्वी दारव्ह्याच्या बाजारात घेतली होती, तांड्यावरच्या हरसिंग नाईक नावाच्या शेतकऱ्याकडून. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. बैलांबद्दल त्याचा शब्द म्हणजे शब्द. विकताना तो म्हणाला होता, “पाटील, याईले हाकाची गरजच नाई. आपोआप वाट धरते.” बाबांना ते फार आवडलं. कोणती वाट, हे विचारायचं राहिलं.

कासरा माझ्या हातात होता. बाबांना भांडायला दोन्ही हात लागत, आणि मामाला तंबाखू मळायला. गाव सुटेपर्यंत दोघं साडीच्या रंगाबद्दल बोलले. ओढा लागला तसा मामाने गळा साफ केला.

“या ओढ्यावर पूल होनार होता. झाला काय? भाऊजी, तुमच्या पक्षानं देश विकून खाल्ला.”

“अन् तुमच्या पक्षानं काय केलं, साळेबुवा? मोटार सुरू झाली त रस्त्यात आडवे झोपले.”

“निषेध होता थो.”

“झोप होती. दोघं त घोरत होते. म्या सोता पाह्यलं.”

“नागपूरची राजधानी कोनं घालवली मंग?”

“तुले कायले पाह्यजे राजधानी? तू जलमात कितीदा नागपूरले गेलता?”

“एकदा. पन तवा राजधानी होती नं.”

“मोठा आला.”

“अन् शेर कोनं बंद केला? माह्या मायनं जलमभर शेरानं दूध मोजलं. आता गवळी लिटर म्हन्ते. माप बदललं, पानी मातर तेवढंच टाकते.”

“थो गवळी तुमच्या पक्षाचा हाये.”

इथपर्यंत मी गप्प होतो, हे नोंदवून ठेवतो. पण राज्यशास्त्र हा माझा विषय होता. (त्यात मला बेचाळीस मार्क होते, पण दमणीत ते कोणाला माहीत नव्हतं.) दोन अडाणी माणसं माझ्या विषयावर बोलतात आणि मी पाठमोरा बसून ऐकतो, हे मला पटेना. मी मागे वळलो.

“तुम्ही दोघेही चुकता आहात,” मी म्हणालो. “लोकशाहीत दोन बाजू असतात.”

एक बाजू दाखवायला उजवा हात लागला, दुसरी दाखवायला डावा. कासरा मी खुंटीला अडकवला आणि बैलांकडे पाठ करून चांगली मांडी घातली.

त्यानंतरचा दीड तास माझ्या आयुष्यातला फार सुंदर वेळ होता. मी बोलत होतो आणि दोन वडीलधारी माणसं ऐकत होती; म्हणजे मध्ये मध्ये माझ्यावरही ओरडत होती, पण ऐकल्याशिवाय का कोणी ओरडतं? फाट्यावरचा मोठा कडुनिंब मला मागे जाताना दिसला. तिथून आम्हाला उजवीकडे वळायचं होतं. बैल डावीकडे वळले, आणि असे वळले की घरात ठरवून निघाले असावेत. बाबा मामाकडे पाहत होते, मामा बाबांकडे, आणि मी भविष्याकडे.

गाडी थांबली. कुत्री भुंकली. अंगण सारवलेलं, समोर पागोटं बांधलेला एक उंच म्हातारा, दारात काचांच्या कशिद्याची फडकी डोक्यावरून घेतलेली बाई. मी मुलीचं गाव कधी पाहिलं नव्हतं, सासऱ्यांनाही नाही. आत दोघं अजून गवळ्यावर होते. म्हटलं, यांची वाट बघितली तर पहिलीच छाप वाईट पडेल. कोट झटकून मी खाली उडी मारली, पुढे झालो आणि म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

म्हातारा मला ओलांडून गेला आणि त्याने बैलाच्या गळ्याला मिठी मारली.

मला वाटलं, जनावरांवर माया करणारं घराणं आहे, चांगलंच आहे. तेवढ्यात दारातली बाई आली, तिने दुसऱ्या बैलाचं तोंड ओंजळीत धरलं आणि घळाघळा रडायला लागली. लग्नात मुलीकडचे रडतात हे मला माहीत होतं. पण मुलीसाठी.

“काय खोट निघाली?” म्हाताऱ्याने माझ्याकडे वळून रागाने विचारलं. “पंधरा दिवसात वापस आनून राह्यले? माह्या मालात खोट नाई, पाटील. दात दाखवून देला व्हता.”

गाडीतला आवाज पहिल्यांदा थांबला. बाबांनी डोकं बाहेर काढलं. म्हाताऱ्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“हरसिंगभाऊ,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुमी इथं कसे?”

“म्या? म्या माह्या घरी हावो. तुमी कसे?”

तांडा होता तो. बैल आपल्या घरी आले होते. सूर्य डोक्यावर यायला आला होता, आणि मुलीचं गाव आता मागे फाट्यापर्यंत जाऊन पुढे, एकूण दोन कोस.

बाबांनी आणि मामाने या संकटाला तोंड दिलं ते असं:

“फाट्यावर पाटी असती त हे झालंच नसतं,” मामा म्हणाला. “पाटी कोनं लावाची? राज्य कोनाचं हाये?”

“पाटी होती. तुमच्या मोर्चानं उपटून झेंड्याले दांडी केली.”

मी जू उतरवून बैल फिरवावेत म्हणून पुढे झालो. जू उतरताच दोन्ही बैल शांतपणे आपल्या जुन्या गोठ्यात गेले आणि बसले. मी शेपटी पिरगाळली. बैलाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आमचे प्रोफेसर पाहत तसं.

एव्हाना तांडा गोळा झाला. कोट-पॅन्टमधला माणूस, गाडीत दोन पुढाऱ्यांसारखे भांडणारे; लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. एक म्हातारी काठी टेकत थेट माझ्यापाशी आली.

“विहिरीचं काय झालं?”

“कोणत्या विहिरीचं, आजी?”

“मांगच्या खेपेले म्हनलाता तू, मत द्या, विहीर देतो.”

“तो मी नव्हतो, आजी.”

“कोट त हाच व्हता.”

“थो साळेबुवाच्या पक्षाचा असंन,” बाबा गाडीतून म्हणाले.

“इतकं सफाईनं खोटं बोलनारा तुमचाच,” मामा म्हणाला.

“दोन्ही आलते,” म्हातारी म्हणाली. “एक सकाळी, एक दुपारी. दोघाईले च्या पाजला. विहीर एकानंबी नाई देली.”

यावर दोघांनाही उत्तर सुचलं नाही, म्हणून दोघांनी एकमेकांना दिलं. तेव्हा हरसिंग नाईकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, कुठं निघाले होते? मी सांगितलं. साडीची पेटी दाखवली. बारा वाजताची अट सांगितली. तो ऐकत राहिला. मग गाडीपाशी गेला.

“पाटील,” तो म्हणाला, “देशाचं वाटोळं कोनं केलं, मले नाई माईत. या पोराच्या लग्नाचं मातर तुमी दोघं करून राह्यले. म्या येतो संगं. जनावर माह्याच हाकेनं उठन. पन एक बोली. पोचेपावेतर पक्षाचं नाव निघालं, का गाडी थांबली.”

त्याने गोठ्याच्या दाराशी उभं राहून दोन शब्द म्हटले, आणि बैल उठून आपणहून जुवाखाली येऊन उभे राहिले. माझ्या बी.ए.ला न उठलेले बैल.

निघालो. बाबा गप्प. मामा गप्प. मामाचा चेहरा उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा हलत होता, पण गप्प. बाबा साडीची पेटी मांडीवर घेऊन तिच्या कुलपाकडे पाहत होते. फाटा आला, कडुनिंब आला, गाडी उजवीकडे वळली. एवढी शांतता मी त्या दोघांमध्ये कधीच पाहिली नव्हती. आणि अशा शांततेत सुशिक्षित माणसाला जबाबदारी वाटते.

“हरसिंगभाऊ,” मी म्हणालो, “तुमची अट योग्यच आहे. पण तटस्थपणे पाहिलं तर या दोन्ही पक्षांनी...”

गाडी थांबली.

“उतरा,” हरसिंग नाईक म्हणाला.

“मी दोघांच्याही विरुद्ध बोलत होतो.”

“नाव निघालं का नाई? उतरा.”

बाबांनी मध्ये पडायला हवं होतं. मामानेही. पण बोलायची तर बंदी होती, आणि दोघांनी ती त्या क्षणी फार मनापासून पाळली.

शेवटचा अर्धा कोस मी माझ्या साक्षगंधाला गाडीमागून पायी गेलो. नवे बूट चावले म्हणून हातात घेतले. धूळ सगळी माझ्याच वाट्याला. गावात शिरलो तेव्हा दमणीत दोन वडीलधारे, पुढे पागोटेवाले नाईक, आणि मागून अनवाणी मी. मुलीच्या भावाने पाहुण्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि मला म्हणाला, “तू बैल सोड अन् तिकडं सावलीत बस, भाकर भेटते.”

मुलीचा बाप ओसरीत उभा होता. सव्वादोन वाजले होते.

“काहून उशीर झाला?” त्याने विचारलं. “आमची पोरगी सकाळपासून उपाशी बसली हाये. सांगा, नाईतर गाडी तशीच फिरवा.”

माय दारातून माझ्याकडे पाहत होती. मी मामाकडे पाहिलं. मामाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मामाकडे. वीस वर्षांत देशाचं नुकसान कोणी केलं यावर त्यांचं एकमत झालं नव्हतं.

“पोरगं हाकत होतं,” बाबा म्हणाले.

“भाऊजी खरं सांगून राह्यले,” मामा म्हणाला. “आमी म्हनत होतो, बापा समोर पाह्य.”

मुलीचा बाप मला शोधायला लागला. मी सावलीत बसलो होतो, बूट हातात. “हा नवरदेव?” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात गाडी फिरायला लागली.

तेवढ्यात आतल्या दारामागून एक आवाज आला. मी ऐकलेला तिचा पहिला आवाज.

“हाकत होते त कासरा कोनाच्या हातात होता?”

मामा तंबाखू मळायला लागला, बाबा पेटीचं कुलूप तपासायला. शेवटी हरसिंग नाईकच म्हणाला, “कोनाच्याच नाई, बाई. खुंटीले व्हता. तिघंबी देश हाकून राह्यले व्हते.”

दारामागे ती हसली. आधी दाबून, मग न दाबता. तिची आत्या बाहेर येऊन मुलीच्या बापाला म्हणाली, “पोरगी हासली. आता कायले थांबता? आना पेटी.” आणि कुंकू लागलं. साखर वाटली. पहिली मूठ मामाने हरसिंग नाईकाला दिली, दुसरी बैलांना. माझ्यापर्यंत पुडा आला तोवर कागद उरला होता.

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. बाबा आणि मामा अजून देशावरच आहेत. मी निवडणूक आली की दोन्ही पक्षांचे कागद वाचतो, दोन्हींच्या सभा ऐकतो, सुशिक्षित माणसासारखा विचार करतो आणि मत देतो. ती माझ्या आधी मत देऊन बाहेर उभी असते. तिने कोणाला दिलं, हे मला एकदाही कळलेलं नाही. मी कोणाला दिलं हे मी तिला कधी सांगत नाही. ती नुसती माझ्या तोंडाकडे पाहते, पदर सावरून घरच्या वाटेला लागते आणि म्हणते, “पुन्हा चुकले तुमी.”