आठ दिवसांत उत्तर

दत्ताराम तेंडोलकराचं अक्षर पाहिलं की वाटायचं, या हातानं लिहिलेलं खोटं असणारच नाही. हाच त्या अक्षराचा दोष होता, पण तो ध्यानात यायला दत्तारामाची पन्नाशी उलटावी लागली. गिरणीत तो हजेरी लिहायचा. खात्यातले अर्धे लोक मालवण-कुडाळकडचे, त्यांची गावी जाणारी पत्रंही तोच लिहायचा. समोरचा सांगायचा, "लिव, मी बरो आसंय," आणि हा त्यात आईच्या दम्याची चौकशी, म्हशीचं बाळंतपण असं काहीबाही स्वतःच्या मनानं घालायचा. गावाहून उत्तर यायचं, की पोरगा शहाणा झाला. खरं तर शहाणपण दत्तारामाचं होतं.

ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. वर्षभर दत्ताराम दहिसरच्या चाळीत ओट्यावर बसून राहिला. मग कोणीतरी त्याला बोरिवलीला आमदार मार्तंडरावांच्या कचेरीत नेऊन बसवलं. खाली पिठाची गिरणी, वर जनसंपर्क कार्यालय. रांग दोन्हीकडे असायची, पण खालच्या रांगेतला माणूस घरी जाताना हातात काहीतरी घेऊन जायचा.

मार्तंडराव मूळचे वकील. गोड बोलणारे, हसतमुख. अशा माणसाबद्दल 'तसा वाईट नव्हता' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ती इथे पाळायचं काही कारण नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी दत्तारामाला आपला नियम सांगितला.

"हे बघ दत्ताराम, आलेल्या प्रत्येक पत्राला आठ दिवसांत उत्तर. काम होवो न होवो, उत्तर गेलंच पाहिजे. उत्तर मिळालं की माणूस निम्मा गार होतो. बाकीचा निम्मा वाट बघून होतो."

सुरुवातीला साहेब मजकूर सांगायचे आणि दत्ताराम उतरवून घ्यायचा. दोन महिन्यांत सांगणं थांबलं. "तुला ठाऊक आहे रे काय लिहायचं ते." चौथ्या महिन्यात सहीसुद्धा दत्तारामच करू लागला, आणि साहेब कौतुकानं म्हणाले, "माझी मलाही इतकी झकास जमत नाही." आलेलं पत्र आवकाच्या वहीत चढवायचं, उत्तर जावकाच्या वहीत, आणि जावक क्रमांक पडला की समोर लाल शाईनं लिहायचं: निकाली. नळ नाही म्हणून आलेलं पत्र असो, की संडासाला दार नाही म्हणून, उत्तर गेलं म्हणजे प्रकरण निकाली. या कचेरीचा कारभारच असा होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. दत्तारामालाही नाही.

कारण दत्ताराम त्या कामात जीव ओतत होता. "आपले पत्र मिळाले. विषय गंभीर आहे. संबंधित खात्याकडे पाठपुरावा सुरू आहे," हे तर सगळ्यांनाच. पण शेवटी एक ओळ तो ज्याची त्याची निराळी लिहायचा. माणसानं पत्रात जे जाता जाता लिहिलेलं असे, ते हेरून. 'आपल्या मुलीच्या परीक्षेस शुभेच्छा.' 'मातोश्रींच्या डोळ्यांचे ऑपरेशन उत्तम होईल, काळजी नसावी.' त्या एका ओळीसाठी लोक पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवत. दहिसर-बोरिवलीत साहेबांचं नाव झालं ते त्या ओळीमुळे. भाषण विसरतात लोक, पण आईच्या डोळ्यांची चौकशी विसरत नाहीत.

चाळीत कोणी विचारलं, तर दत्ताराम म्हणायचा, "साहेब सांगतात, मी उतरवून घेतो." आधी कचेरीची अब्रू म्हणून म्हणायचा, नंतर स्वतःची म्हणून. बायकोलाही त्यानं हेच सांगितलं होतं.

तो राहायचा त्या सातघर चाळीत आता सात नव्हे, चाळीस बिऱ्हाडं होती. मागून नदी. पाण्याचा नळ, रेशनचं दुकान आणि शाळा सगळं नदीच्या पलीकडे. पलीकडे जायला नदीवरून गेलेला एक जाडजूड लोखंडी पाइप होता. डोक्यावर हंडा घेऊन बायका त्या पाइपावरून चालत यायच्या, मुलं दप्तर पाठीला बांधून बसत-सरकत जायची. चाळीला एकच गोष्ट हवी होती: साकव. लहानसा पूल, गावाकडे ओढ्यावर असतो तसा, दोन माणसं शेजारून जातील एवढा. गावातल्या वाडीला जे मिळालं होतं, ते मुंबईत आल्यावर मागावं लागत होतं.

चाळीनं अर्ज केला. अडतीस सह्या आणि अंगठे. त्यात शेवंतीचा, दत्तारामाच्या बायकोचा, अंगठा पहिला. शेजारचा धोंडू म्हणाला, "आपलो माणूसच थंय बसलेलो हा, आता काय भिती?"

आठ दिवसांत चाळीला साहेबांचं पत्र गेलं, साकव होईल म्हणून, आणि वहीत समोर निकाली पडलं. तरी दत्तारामानं अर्ज खरोखरच साहेबांसमोर ठेवला. साहेब म्हणाले, "विधानसभेत प्रश्न टाकू. लिही." प्रश्न दत्तारामानंच लिहिला: सातघर चाळीतील रहिवाशांना जीव धोक्यात घालून नदी ओलांडावी लागते, हे खरे आहे काय? असल्यास, साकव बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? चार महिन्यांनी छापील उत्तर आलं. एक, हे अंशतः खरे आहे. दोन, बाब तपासण्यात येत आहे. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

आणि दत्ताराम हरखला! विधानसभेच्या छापील कागदात सातघर चाळीचं नाव! त्यानं तो कागद चाळीच्या सत्यनारायणाला नेला, सगळ्यांसमोर वाचला, आणि धोंडूनं त्या कागदापुढे नारळ फोडला. अंशतः म्हणजे काय, असं शेवंतीनं विचारलं. "थोडा थोडा खरा," दत्ताराम म्हणाला. शेवंती तेव्हाच हंडा घेऊन आली होती आणि तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

पंच्याऐंशीच्या निवडणुकीआधी साहेबांनी पाच वर्षांचा कार्यअहवाल काढायचं ठरवलं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेला फोटो. आत पूर्ण झालेल्या कामांची यादी. यादी कुठून घ्यायची? जावकाच्या वहीतून. जे जे निकाली, ते ते पूर्ण. दत्ताराम दोन आठवडे ती यादी उतरवत होता, आणि सातघर चाळीच्या नोंदीशी त्याचा हात थांबला.

"साहेब, साकव झालेलो नाय. म्हणजे, झालेला नाही."

साहेबांनी चष्मा काढला. ते चिडले नाहीत, ते कधीच चिडत नसत. "अरे, तू एवढा हुशार माणूस. छापून आलं की अधिकाऱ्याला लाज वाटते. लोक विचारतील, कुठे आहे साकव? मग त्याला बांधावाच लागेल. तुझ्याच चाळीचं भलं आहे यात."

दत्तारामाला ते पटलं. त्याचा जन्म कागदावर विश्वास ठेवण्यात गेला होता. हजेरीपुस्तकात नाव असेल तर माणूस कामावर आहे, नसेल तर नाही, हे त्यानं पंचवीस वर्षं पाहिलं होतं. मग साकव कागदावर आला, तर तो नदीवर का येणार नाही? त्यानं त्याच्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं: सातघर चाळ, नदीवरील साकव, काम पूर्ण. पुढे साल घातलं, म्हणजे नोंद उघडी वाटायला नको. छापखान्यात चुकू नये म्हणून मुद्रितंही स्वतः तपासली.

मार्तंडराव निवडून आले. चाळीनं गुलाल उधळला. कार्यअहवालातली ती ओळ वाचून चाळीतले लोक हसले, आणि मग दत्तारामाच्या समजावण्यावरून गप्प बसले. "आता बघा, बांधतीत," तो सांगत राहिला. मे उजाडला तरी कोणी फिरकलं नाही, तेव्हा धोंडू त्याला ओढतच संबंधित खात्याच्या कचेरीत घेऊन गेला. तिथल्या इंजिनियरनं फाइल काढली. वर कार्यअहवालाचं ते पान टाचणीनं लावलेलं होतं आणि खाली शेरा होता: लोकप्रतिनिधींच्या अहवालात काम पूर्ण असल्याचे नमूद असल्याने प्रकरण दप्तरी दाखल.

"पण साहेब, थंय साकव नाय हो!" धोंडू म्हणाला. "येऊन बघा."

"नसेल," इंजिनियर शांतपणे म्हणाला. "पण आमदारांनी छापलंय पूर्ण झालं म्हणून. मी आमदारांना खोटं ठरवू? माझी बदली कुठे होईल, माहीत आहे? आता नवीन साकव मागायचा, तर आधी जुना पडला असं दाखवावं लागेल."

बाहेर आल्यावर धोंडू रस्त्यावर थुंकला. "कोण भाडखाव असली यादी करता रे?"

दत्तारामानं खांदे उडवले. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा स्वतःची किळस आली, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कचेरीत गेला. संपानंतरचं ते वर्ष तो विसरला नव्हता.

ऑगस्टात शेवंती पाइपावरून घसरली. हंडा नदीत गेला, ती काठच्या दगडांवर पडली. जीव वाचला, पण उजवा पाय मांडीत मोडला. हॉस्पिटलातून घरी आली ती काठी घेऊन. पाय पुन्हा सरळ पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दत्तारामानं रजा मागताना साहेबांना सगळं सांगितलं. पाइप, हंडा, पाय. साहेब वर्तमानपत्र चाळत होते. "अरेरे," ते म्हणाले. "फार वाईट झालं." आणि मान वर न करता, सवयीनं पुढे म्हणाले, "घरच्यांना माझ्या नावानं एक पत्र पाठव."

दत्ताराम "हो साहेब," म्हणून बाहेर आला. कानफटात मारली असती तर बरं, असं त्याला वाटलं. पण मारायचं तरी कोणी आणि कोणाला?

घरी शेवंतीनं वेगळंच धरून ठेवलं होतं. "तुमी माझो अर्ज लिवा. साहेबांका सांगा, पाय गेलो, आता तरी साकव बांधा. ते सगळ्यांका उत्तर देतत. माका नाय देवचे?"

खरं सांगायची ती वेळ होती. दत्तारामानं तिच्या समोर बसून अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला. चार ओळींचा अर्ज: पाइप, पाय, साकव, उपकार होतील. कचेरीत नेऊन आवकाच्या वहीत चढवला. सात दिवस शेवंती रोज विचारत होती, पत्र आलं काय? आठव्या दिवशी दत्तारामानं साहेबांचा छापील कागद पुढे ओढला आणि लिहायला बसला. आपले पत्र मिळाले, विषय गंभीर आहे, सगळं नेहमीप्रमाणे. शेवटच्या ओळीशी मात्र तो साहेब राहिला नाही. पहाटे उठताना ती कशी धडपडते, ते त्याला दिसलं. हात आपोआप चालला. सही केली, पाकीट चिकटवलं, आणि पेटीत टाकायला नको म्हणून संध्याकाळी स्वतःच घेऊन गेला.

शेवंतीनं पाकीट आधी कपाळाला लावलं. मग दत्तारामानं वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. पाठपुरावा सुरू आहे, तिनं मान डोलावली. मग शेवटची ओळ आली:

"उठताना दाराचा आधार घेऊ नये, भिंतीचा घ्यावा."

तिनं डोळे उघडले.

"पुन्ना वाचा."

त्यानं वाचलं.

शेवंती दाराकडे बघत राहिली. वरची बिजागरी सुटली होती. पडून आल्यावर पहिल्याच दिवशी ती त्या दाराला धरून उठली, आणि दारासकट पुन्हा खाली बसली होती. घरात तेव्हा दोघांखेरीज कोणी नव्हतं.

"आपल्या दाराची बिजागरी सुटलेली हा," ती सावकाश म्हणाली, "ह्या साहेबांका कोणी सांगला?"

दत्ताराम हातातलं पत्र उलटसुलट करू लागला.

"मी अर्जात सांगूक नाय. तुमी लिवूक नाय. मी बघत होतंय."

ती बाई निरक्षर होती, पण दोन वर्षं नवऱ्याच्या कचेरीची पत्रं चाळभर ऐकत आली होती. मुलीची परीक्षा, म्हातारीचे डोळे. ती ते सगळं एकेक आठवत असावी, कारण तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे साकव बांधतलो म्हणान पत्र इला, ताव तुमीच लिवलात?"

"होय."

"आणि बांधलो म्हणान छापला, ता?"

"ता पण मीच," दत्ताराम म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "माका वाटला, छापला की बांधतले गो."

ती रडली नाही, ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या. तिनं त्याच्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली, आणि देव्हाऱ्यामागे न ठेवता परत त्याच्याच हातात दिलं. मग भिंतीला धरून उठली. दाराला नाही, भिंतीलाच. उभी राहिल्यावर तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं:

"मगे आता अर्ज कोणाक करूचो?"